रान कुणाचं, सावज कुणाचं

मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यात 'रान' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. घरातला माणूस कुठे आहे असं विचारलं तर 'रानात गेलाय' असं उत्तर येतं. म्हणजे शेतात गेलाय: मोटर चालू करायला, बाजरी राखायला, कांद्याला पाणी द्यायला. तीच माणसं रानडुक्कर, रानमांजर म्हणतात तेव्हा जिथे कुणी पेरत नाही ती जागा त्यांच्या मनात असते. या मुलखात या दोन जागा एकमेकींत मिसळलेल्याच होत्या, म्हणून भाषेलाही दोन शब्दांची गरज पडली नाही. यंदाचं शेत पाऊस नसेल तर पुढच्या वर्षी पडीक, आणि परवाचं पडीक यंदा बाजरीचं रान.

कऱ्हेकाठचं मोरगाव सोडून सुप्याकडे निघालं की हे अजून दिसतं. कुसळीचं गवत, तरवड, बोरी-बाभळी, मध्येच नांगरलेला तुकडा, पुन्हा गवत. बघणाऱ्याला हा सगळा एकच माळ वाटतो. तलाठ्याच्या नकाशात मात्र यातला एक तुकडा वनखात्याचा, दुसरा गायरान, तिसरा कुणाच्या तरी मालकीचं पडीक असतो. चिंकारा हे तिन्ही एका दमात ओलांडतो. त्याच्या मागे जाणाऱ्या माणसाला ते तसं ओलांडता येतं का, हा या लेखाचा प्रश्न आहे. शिकारी आणि जमिनीचा मालक यांचं नातं इथे कसं होतं, कायद्याने त्याचं काय केलं, बाहेरच्या जगात ते कसं बसवलं गेलं आणि आज बंदूक किंवा फास न घेता माळावर येणाऱ्यांमुळे ते कुठे आलं आहे, हे मांडायचं आहे. या सगळ्याच्या बुडाशी एकच गोष्ट मला दिसते. दख्खनच्या माळावर दुसऱ्याच्या रानात शिरणं हे कधी कुंपणाने ठरलं नाही, ते देण्याघेण्याने ठरलं. ते देणंघेणं तुटलं आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही, इथेच आजच्या भांडणाचं मूळ आहे.

पिकं निघाली की रान मोकळं होतं. 'रान मोकळं' हा शब्दप्रयोग आपण आज कुठल्याही अर्थाने वापरतो, पण शेतकऱ्याच्या तोंडी तो अगदी शब्दशः आहे. ज्वारी काढून झाली, खळं झालं, की त्या शेतात गावातलं कुणाचंही जनावर चरायला जाई. मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरत आणि पावसाच्या तोंडाला माळावर परतत, तेव्हा वाटेवरचे शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढरं बसवून घेत. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्यामुताचं खत थेट मातीत. त्याबद्दल धनगराला धान्य मिळे, पुढे पैसेही मिळू लागले. दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याबद्दल इथे राहणाऱ्यालाच मोबदला मिळतो. या मुलखाची रीत समजून घ्यायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

रामोशाचंही तसंच होतं. गावाची राखण, चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत काढणं हे त्याचं काम, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. कुणाच्याही शेतातून, कुणाच्याही बांधावरून रात्री-अपरात्री जाण्याचा त्याला हक्क होता, कारण तो गावाचंच काम करत असे. इंग्रजी अंमल आल्यावर पुरंदर किल्ल्याच्या राखणीचे रामोशांचे हक्क गेले. १८३२ साली पुण्यात फाशी गेलेल्या उमाजी नाईकांचं बंड त्याच असंतोषातून उठलं. पुरंदरचा डोंगर मोरगावपासून लांब नाही. राखणदाराचा हक्क काढून घेतला की तो सरकारदप्तरी दरोडेखोर कसा होतो, हे या भागाने फार लवकर पाहिलं.

तिसरा पारधी. फासेपारध्याचं हत्यार म्हणजे फास. खुंट्यांना बांधलेल्या फासांची रांग झुडपांच्या कडेने लावायची, मग तितरांना हळूहळू, न घाबरवता त्या बाजूला चालवत न्यायचं. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने चालत सावजाच्या जवळ जात. हरणाला चरणारी गाय दिसे, तिच्यामागचा माणूस दिसत नसे. चितापारध्यांनी तर चित्त्याला काळवीट धरायला शिकवलं आणि संस्थानिकांच्या पदरी चाकरी केली. या प्रत्येक पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे. शिकाऱ्याला शेताच्या कडेने, बांधावरून, कापणी झालेल्या रानातून निवांत फिरता आलं पाहिजे. हाकारे घालून, घोडे दौडवून होणारी ही शिकार नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या संमतीशिवाय ती होऊच शकत नव्हती.

संमती मिळत असे, कारण शेतकऱ्यालाही काही हवं होतं. काळवीट कोवळी ज्वारी खातं, ससा हरभरा कुरतडतो, रानडुक्कर एका रात्रीत भुईमुगाचा वाफा उकरून टाकतं. पारध्याने ही जनावरं धरली तर मटण त्याचं, पीक वाचलं ते शेतकऱ्याचं. वर एखादी पायली धान्यही मिळे.

हे चित्र गोड करून सांगणं मात्र मला पटत नाही. ही संमती तोंडी होती. ती पाटलाच्या, बागायतदाराच्या मर्जीची होती, कुठल्याही कागदावर तिची नोंद नव्हती. पारध्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, पाल ठोकायचं ते गावाबाहेर. कुठे चोरी झाली की पहिला संशय त्याच्या पालावर. मर्जी फिरली की रान बंद. ज्या व्यवस्थेबद्दल आज काही जण हळहळतात तिच्यात एका पक्षाला हक्क होता आणि दुसऱ्याला फक्त सवलत. पुढे जे झालं ते इतक्या सहज का झालं, याचं उत्तर इथे आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे, १९११च्या कायद्यानंतर, तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना हजेरी लावावी लागे, परवान्याशिवाय ठरलेल्या हद्दीबाहेर जाता येत नसे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या; त्यांना लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. ज्याचा धंदा चालण्यावर आहे त्याचं चालणंच गुन्हा ठरलं. शिकारीवर बंदी न घालताही शिकाऱ्याची जमात संपवता येते, ती अशी.

त्याच काळात साहेबाची शिकार जोरात होती. पुण्याच्या छावणीतले अधिकारी आसपासच्या माळांवर काळविटांमागे जात. हिंदुस्थानभर गोऱ्या शिपायांच्या शिकारीवरून गावकऱ्यांशी झटापटी होत. शेतात शिरणं, पाळीव किंवा पवित्र मानलेले प्राणी-पक्षी मारणं, अडवणाऱ्यावर बंदूक रोखणं, यातून माणसं मेली. शिपायांना शिकारीसाठी पास घ्यावा लागेल असे नियम झाले आणि लॉर्ड कर्झनच्या काळात ते आणखी कडक करावे लागले. दुसऱ्याच्या रानात शिरणारा शिकारी कोण आहे यावर त्याला शिकारी म्हणायचं की गुन्हेगार, हे ठरत होतं.

या अंधारात एक वेगळा निर्णय झाला तो कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना आसरा आणि काम दिलं. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का त्यांनाच राखणीला ठेवायचं, ही त्यांची दृष्टी होती. ब्रिटिश मुलखात हा कायदा जायला स्वातंत्र्य यावं लागलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. पण यादीत नाव असणं वेगळं आणि बांधावर उभं राहू दिलं जाणं वेगळं.

मग वन्यजीवांचे कायदे आले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीने ते गेले आणि छंदाची शिकार देशभरात संपली. आज फास लावणं, जाळं टाकणं, हाकारणं, आमिष ठेवणं, इतकंच काय, त्याचा प्रयत्न करणंही कायद्याने शिकार आहे. सर्वांत वरच्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान ३ वर्षांची कैद. चिंकारा, लांडगा आणि माळढोक या अनुसूचीत आहेत.

मला ही बंदी योग्य वाटते, हे आधी स्पष्ट सांगतो. माळढोक या मुलखातून गेलाच आहे. चित्ता देशातून संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं आणि आता तो आफ्रिकेतून आणावा लागतो. मोकळी शिकार चालू राहिली असती तर सुप्याच्या माळावर आज चिंकारा उरला नसता. पण बंदीने नेमकं काय काय मोडलं, हेही पाहायला हवं. कायद्याच्या कलम ३९प्रमाणे मारलेला वन्यप्राणी, परवान्याने मारलेला असो वा चोरून, सरकारची मालमत्ता होतो. म्हणजे सावज शिकाऱ्याचं राहिलं नाही आणि ज्याच्या शेतात ते चरलं त्याचंही झालं नाही. शेतकऱ्याला डुक्कर मारता येत नाही, पारध्याला ससा धरता येत नाही. दोघांमधला व्यवहार ज्या वस्तूवर उभा होता ती वस्तूच तिसऱ्याची झाली. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्यातून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. गवत, मध, डिंक, तेंदूपत्ता गोळा करणाऱ्याला हक्क मिळाला. ज्याची सगळी विद्या प्राण्यापाशी पोचण्याची होती त्याला काहीच मिळालं नाही.

एक फट उरली ती कलम ११ची. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरला तर अधिकारी लेखी हुकमाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राने २०१५ साली याच आधारावर रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी परवान्याची पद्धत सोपी केली. इथे अर्ज करतो तो पीक गेलेला शेतकरी. शिकाऱ्याला स्वतःहून कुठेही स्थान नाही. ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे असा माणूस शेतकऱ्याने शोधायचा. चंद्रपूर जिल्ह्यात बाहेरून नेमबाज आणून डुकरं मारली गेली तेव्हा २०१६ साली केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. केरळने २०२२मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे सोपवला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांच्या याद्या केल्या. मारलेल्या डुकराची विल्हेवाट मात्र तिथेही लावावी लागते, मटण कुणाला मिळत नाही. ज्याला काही मिळणार नाही असा शिकारी रात्रभर दुसऱ्याच्या शेतात का बसेल, हे कुठल्याच सरकारने विचारलेलं दिसत नाही.

परवाना उशिरा येतो, पीक त्याआधी जातं. मग काय होतं ते राज्यभर दिसतं: शेताभोवतीच्या तारेत वीज सोडणं, पिठात लपवलेला गावठी बॉम्ब, क्लच वायरचा फास. तारेच्या विजेने डुक्कर मरतं तसा शेजारचा शेतकरीही मरतो, कधी ती तार लावणाराच मरतो. पारध्याचा फास जिवंत तितर धरायचा आणि नको असलेलं सावज सोडून देता यायचं. वायरचा फास लांडगा, तरस, कुत्रा काही ओळखत नाही. कसबी माणूस रानाबाहेर काढला आणि बिनकसबी मरण रानात आलं, असं मला स्पष्ट वाटतं.

बाहेरच्या जगाने हे कसं सोडवलं? इंग्लंडमध्ये १६७१च्या कायद्याने शिकार ही ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारांचीच राहिली. कुळाने वाढवलेल्या पिकावर जमीनदाराचे ससे चरत आणि कुळाला ते मारायची बंदी. १८३१च्या कायद्याने ती अट गेली, पण ससे मारायचा हक्क कुळाला मिळायला १८८० उजाडलं. मग मात्र तो असा मिळाला की जमीनदाराने करारात लिहून घेतला तरी तो काढून घेता येत नाही. पीक ज्याचं, ते खाणाऱ्यावर थोडा हक्क त्याचाही, हे तत्त्व तिथे दोनशे वर्षांनी मान्य झालं.

अमेरिकेत राजाची शिकार नको म्हणणाऱ्या लोकांनी उलटी रीत पाडली. व्हरमाँटच्या १७७७च्या घटनेतच कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकार करण्याचं स्वातंत्र्य लिहिलं आहे. तिथे मालकाला शिकारी नको असेल तर त्याने तशी पाटी लावायची. पुढे जमीन महाग झाली, पाट्या वाढल्या, आणि भांडण कोर्टात गेलं. वायोमिंगमध्ये सरकारी आणि खासगी जमिनीचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक आहेत. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाताना कोपऱ्यावरून पाय टाकला तर खासगी जमिनीवर अतिक्रमण होतं का, या प्रश्नावर मालकाने शिकाऱ्यांवर दावा लावला. शिकाऱ्यांनी शिडी वापरून, खासगी जमिनीला पाय न लावता तो कोपरा ओलांडला होता. २०२५मध्ये तिथल्या वरिष्ठ अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. माँटाना राज्याने दुसरा मार्ग घेतला. १९८५पासून तिथे सरकार शेतकऱ्यांशी करार करतं. शिकारी येतील, सरकार शेतकऱ्याला मोबदला देईल.

माझ्या मते आपल्याला सर्वांत जवळची आहे ती जर्मन पद्धत. १८४८च्या क्रांतीने सरदारांचा शिकारीचा हक्क काढून तो जमिनीच्या मालकीला जोडला. पण तुकडे लहान. म्हणून ७५ हेक्टरपेक्षा लहान जमिनी एकत्र करून गावाचं एक शिकारक्षेत्र करतात. सगळे मालक त्याचे सभासद. शिकारीचा हक्क भाड्याने दिला जातो, भाडं जमिनीच्या प्रमाणात वाटलं जातं, आणि डुकराने पीक खाल्लं तर भरपाईचा भार भाडेकरू शिकाऱ्यावर टाकता येतो. शिकाऱ्याला हक्क आहे आणि शेताचं देणंही आहे. फ्रान्सनेही १९६४च्या कायद्याने लहान मालकांना अशा संघटनांत सक्तीने घेतलं. पण ज्याला तत्त्वतः शिकार मान्य नाही अशा मालकालाही सक्ती का, असा प्रश्न युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे गेला. १९९९मध्ये फ्रान्सविरुद्ध आणि २०१२मध्ये जर्मनीविरुद्ध न्यायालयाने मालकाचं म्हणणं मान्य केलं. हे निकाल मला बरोबर वाटतात. माझ्या बांधावर मरण नको, असं म्हणायचा अधिकार दोन एकरवाल्यालाही हवा.

आता पुन्हा इथे येऊ, कारण खरी गुंतागुंत इथे आहे. १८७६च्या दुष्काळानंतर खोदलेला निरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि बारामती तालुका दोन झाला. कालव्याखालचा बागायती भाग उसाचा, साखर कारखान्यांचा. वरचा जिरायती भाग सुप्या-मोरगावचा, बाजरीचा आणि दुष्काळी कामांचा. मालकीची भावना पाण्याबरोबर घट्ट होत गेली. जिरायतीत जमीन कितीही असो, पीक निघाल्यावर ती मोकळीच. बागायतीत वर्षभर पीक उभं, ठिबकच्या नळ्या जमिनीवर, पाइपलाइन जमिनीखाली, मोटर विहिरीवर. तिथे रात्री परका माणूस दिसणं म्हणजे चोरीची भीती, आणि ती भीती खोटी नसते. मोटरीच्या केबल खरंच चोरीला जातात. इंदापूरच्या डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांना तारेची कुंपणं पडली. जनाई-शिरसाई उपसा योजनेने आणि शेततळ्यांनी आता जिरायती भागातही पाणी सरकतं आहे, आणि त्याच्यामागून कुंपणही.

या कुंपणाच्या आत पारधी वेगळ्या वाटेने शिरला. बागायतदाराला राखणदार हवा होता, आणि पारध्यासारखा रात्री जागणारा, पावलाचा आवाज ओळखणारा, कुत्र्यांसह राहणारा माणूस दुसरा मिळत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी पारधी कुटुंबं अशी बागेच्या, मळ्याच्या कडेला झोपडी बांधून राहतात. उचल घेतलेली असते, हंगामावर हिशोब होतो. एका अर्थाने जुनंच देणंघेणं चालू आहे: तो शेत राखतो, मालक राहू देतो. पण यात एक फार मोठा फरक आहे. पूर्वी तो सावजामागे येऊन स्वतःच्या कसबाने खायचा आणि पुढे निघून जायचा. आता त्याचं घर मालकाच्या मर्जीवर आहे, आणि मालकाशी बिनसलं तर त्याला झोपायला जागा नाही. त्याच बागेत चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा त्याच्याच झोपडीशी येतात. राखण आणि संशय एकाच माणसाच्या वाट्याला यावेत, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जिव्हारी लागणारं वाटतं.

त्याच्या स्वतःच्या नावावर काही आहे का? बहुतेकांच्या नाही. वस्त्या गायरानावर. महाराष्ट्र सरकारने २८ नोव्हेंबर १९९१च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९०पूर्वीची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. पण भटक्या माणसाने अमुक तारखेच्या आधीपासून इथेच होतो, हे दाखवायचं कसं? पावती नाही, मतदार यादीत नाव नाही, वीजबिल नाही. २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानांवरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. गायरान वाचलं पाहिजे, त्याच्याशिवाय ना मेंढरं जगतील ना लांडगा. पण गायरानावर धनदांडग्याने केलेली शेती आणि पारध्याचं पाल यांना एकाच नोटिशीने उठवायचं असेल तर तो न्याय अर्धाच होतो.

दुसऱ्या बाजूला जमीनमालकाची तक्रारही नीट ऐकायला हवी. तिचं सर्वांत ठळक उदाहरण बारामतीच्या पूर्वेला सोलापूर जिल्ह्यात नान्नजचं. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांना कवेत घेणारं. त्यातली बहुतेक जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची. जमीन विकायला, बांधायला, रस्त्याला, उद्योगाला अडथळे आले. पक्ष्याने आपली जमीन गोठवली, अशी भावना शेतकऱ्यांत झाली आणि माळढोक म्हटलं की कपाळाला आठी पडू लागली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर गवत खूप ठिकाणी गेलं होतं आणि माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. पक्षी सगळ्यांचा आणि त्याचा खर्च एका गावच्या सातबारावर, असं झालं की पक्षी हरतो.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य याच्या उलट टोकाचं आहे. १९९७ साली झालेलं, मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव घेतलेलं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. इथे मालकांशी भांडण कमी, कारण जागाच कमी. पण चिंकारा एवढ्यात मावत नाही. तो सकाळी अभयारण्यात, दुपारी गायरानात आणि रात्री कुणाच्या तरी हरभऱ्यात असतो. लांडग्याचा मुलूख तर याहून कितीतरी मोठा. म्हणजे इथलं वन्यजीवन खऱ्या अर्थाने शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या सोसण्यावर जगतं.

याच माळावर गेल्या काही वर्षांत नवा शिकारी आला आहे. त्याच्या हातात लांब भिंगाचा कॅमेरा आहे. सुपे, मोरगाव, सासवड, जेजुरी, कडबनवाडी ही नावं पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांच्या तोंडी असतात: लांडगा, खोकड, तरस, धाविक, पखुर्डी, हिवाळ्यात भोवत्या. ही माणसं प्राणी मारत नाहीत आणि त्यांच्यापैकी अनेकांनी माळाबद्दल समाजात आस्था निर्माण केली, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. तरीही जमिनीच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं येणं जुन्या शिकाऱ्यासारखंच आहे. सावज हवं, त्यासाठी दुसऱ्याच्या रानात शिरायचं. पेरलेल्या पडकातून गाडी घातली की चाकोरी पडते, ओल मोडते. पिलं असताना लांडग्याच्या बिळापाशी दहा गाड्या लागल्या की मादी पिलं उचलून दुसरीकडे नेते. वाट दाखवणाऱ्याला पैसे मिळतात, चित्राला वाहवा मिळते, रानाच्या मालकाला काहीच नाही. मग एखादा शेतकरी काठी घेऊन आडवा आला तर त्याला उद्धट म्हणायला मी तयार नाही.

वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ माळांची सफारी सुरू केली, ती या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. ठरलेली वाट, ठरलेली गाडी, सोबत गावातला मार्गदर्शक. भिगवणजवळ कुंभारगावात उजनीच्या पाण्यावर हेच आधी झालं होतं. धरणात जमिनी गेल्या, मासेमारी आली, आणि पुढे रोहित पाहायला लोक येऊ लागले तशी मासेमारांची होडी पाहुण्यांची झाली. तिथे देणंघेणं पुन्हा जुळलं. येणारा काही देतो, राहणारा काही राखतो.

पण सफारी वनखात्याच्या जमिनीपुरती. सुप्याचा लांडगा जिथे बहुतेक वेळ असतो ती गायरानं आणि मालकीची पडीक रानं तिच्याबाहेर आहेत. सरकारी कागदांत अशा जमिनीला अजून पडीक म्हणतात आणि पडीक म्हटलं की तिथे काहीतरी उभारायचा मोह होतो. कधी सौर पटल, कधी प्लॉट, कधी गिरिपुष्पाची लागवड. शेतकऱ्याने गवत ठेवलं तर त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. तोडून विकलं तर मिळतात. इथे जर्मनीच्या त्या गावसभेसारखं काही, अर्थात शिकारीशिवाय, का होऊ नये? वीस-तीस मालकांच्या पडीक जमिनी लागून असतील तर त्यांचा एक माळ मानायचा, गवत राखल्याबद्दल एकराप्रमाणे दरवर्षी भाडं द्यायचं, येणाऱ्याने शुल्क भरायचं आणि ज्याला नको त्याचं शेत वगळायचं. पिकाच्या आणि मेंढरांच्या नुकसानीची भरपाई त्याच पेटीतून, महिन्याच्या आत.

आणि त्या माळाचा जाणकार म्हणून पारधी. विदर्भात, अकोला आणि वाशिम जिल्ह्यांत, संवेदना या संस्थेने फासेपारध्यांबरोबर गवताळ माळ राखायचं काम केलं आहे. ज्या लोकांनी तणमोर या माळावरच्या पक्ष्याला फास लावले त्यांच्याच पुढच्या पिढीने तणमोरासाठी गवत सोडलं. हे पश्चिम महाराष्ट्रात होऊ शकत नाही असं मानायला कारण नाही. इथे अडचण एकच आहे आणि ती अवघड आहे. विदर्भात काही ठिकाणी पारध्याच्या हाती जमीन आहे, इथे बहुतेकांच्या हाती नाही. दुसऱ्याच्या रानात जायचं असेल तर त्याच्यापाशी लेखी ओळख हवी, रोज ठरलेला हवा, आणि त्या कागदावर मालकाची सही हवी. 'ये की, कोण अडवतंय' यावर पुन्हा भिस्त ठेवायची तर १८७१पासून काही शिकलो नाही असं होईल.

ऑक्टोबर सरताना भोवत्या हे शिकारी पक्षी मध्य आशियातून या माळांवर येतात. दिवसा टोळ आणि उंदीर टिपत फिरतात, आणि संध्याकाळी उंच गवतात एकत्र, थेट जमिनीवर उतरून रात्र काढतात. गवत कापलं किंवा पेटलं तर जागा बदलतात, त्यामुळे यंदा कुठे उतरतील ते दरवर्षी नव्याने शोधावं लागतं. ते शोधायचं तर सूर्य बुडताना माळावर स्तब्ध बसता आलं पाहिजे, वारा कुठून आहे ते कळलं पाहिजे, आणि दोन-तीन मालकांच्या बांधांवरून अंधारात चालत परतता आलं पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी पारध्याच्या पोराला घरात शिकायला मिळतात. तिसरीसाठी त्याला अजून कुणाला तरी विचारून यावं लागतं, आणि ती परवानगी आजही तोंडीच असते.